कडबाकुट्टीवर घातलेला आळ

ती घटना मला अजून आठवते. आता आठवण्याशिवाय दुसरं काम तरी काय आहे म्हणा! नोकरीत असताना माझा दरारा असा होता की मी भुसावळच्या फलाटावर शिंकलो तर जळगावचे पाकीटमार काढलेलं पाकीट परत खिशात ठेवायचे. आज दारात उभा राहून दूधवाल्याला हाक मारतो, तर तो म्हणतो, “काय म्हणालात बाबा?” माझ्या सांगण्यात मीठ-मसाला जरा जास्त पडतो, हे आमच्या खात्यात सगळ्यांना माहीत होतं. वाचकांनी आपल्या पथ्याप्रमाणे तो काढून ठेवावा. नावं मात्र मी कुणाचीच घेणार नाही.

तेव्हा मी जळगाव जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. ठाण्याच्या एका बाजूला केळीच्या बागा, दुसऱ्या बाजूला हायवे आणि हायवेला लागून जिनिंगचे, म्हणजे कापसातली सरकी काढायचे, कारखाने. हिवाळा म्हणजे कापसाचा हंगाम. रस्त्याकडेच्या बाभळी पांढऱ्या व्हायच्या आणि आमच्या कोठडीतले आरोपीसुद्धा जामिनावर बाहेर पडताना रुई लागलेले, म्हातारे दिसायचे. आमचा एक हवालदार म्हणायचा, “साहेब, अजून दोन वारे सुटले ना, की बायकोला नवी गादी करून देतो.”

त्या सकाळी हजेरी झाली, रात्रगस्तीचा रिपोर्ट घेतला, आणि धुळ्याच्या सरकारी दवाखान्यातल्या पोलीस चौकीतून फोन आला. तिथला जमादार माझ्या हाताखाली पूर्वी काम केलेला.

“साहेब, इथे एक जखमी शे. उजव्या हाताचा पंजा गेला. उरलंसुरलं डॉक्टरांना मनगटापासून काढावं लागलं. म्हणतो, गावाला कडबा कापताना कडबाकुट्टीत गेला. गाव साक्रीच्या पलीकडे, डोंगरात.”

“मग साक्रीला कळव. मला कशाला?”

“कळवलं. पण त्याला टाकून गेली ती पिकअप एमएच एकोणीस होती. मी गेटवर चहा पीत होतो, माझ्या डोळ्यांनी पाहिली. साक्रीच्या डोंगरातल्या माणसाला जळगावची गाडी कुठून मिळाली? आणि डॉक्टरांनी जखमेतून रुई काढली. कडबाकुट्टीत गेलेल्या हातातून कडबा निघायला पाहिजे का नको?”

“बरोबर आहे तुझं.”

जमादाराने फोन तोंडाजवळ धरला. म्हणाला, “आणि साहेब, त्याच्याकडे कोणीच येत नाही हो. आपल्या कोठडीतल्या चोराला पण डबा येतो. याच्याकडे कुत्रं फिरकलं नाही.”

मी जीप काढली आणि धुळ्याला गेलो.

वॉर्डात शेवटच्या खाटेवर तो पडला होता. पंचविशीतला, काटक, हाताला पांढरा गोळा. मी स्टूल ओढून बसलो. माझा बसण्याचा आवाज ऐकून शेजारच्या खाटेवरचा, प्लास्टर घातलेला माणूस उठून चालायला लागला, असं मी पुढे बरीच वर्षं सांगत असे. खरं म्हणजे तो फक्त कुशीवर वळला.

“हात कशात गेला?”

“कडबाकुट्टीत.”

“कोणाच्या?”

“मन्हीच शे, साहेब.”

“जनावरं किती तुझ्याकडे?”

त्याने चादर हनुवटीपर्यंत ओढली. मग म्हणाला, “एक बकरी.”

“एका बकरीसाठी कडबाकुट्टी घेतलीस? बकरी आहे का हत्ती?”

त्याला हसू आलं, पण त्याने ते गिळलं. मी आवाज खाली आणला. त्याला समजावलं की कामावर असताना कामगाराला इजा झाली तर मालकाने भरपाई द्यायची, असा कायदा आहे. माणूस हंगामापुरता असो, मुकादमाने आणलेला असो, कारखाना त्याला जबाबदार. पण हात घरच्या कडबाकुट्टीत गेला म्हटलं की मालक तूच, भरपाई देणारा तूच आणि घेणाराही तूच. उजवा हात आहे बाबा. पुढे पन्नास वर्षं जगायचं आहे तुला.

तो छताकडे बघत म्हणाला, “कडबाकुट्टीच व्हती, साहेब.”

मी दम दिला, जिलेबी आणून दिली, पुन्हा दम दिला. नोकरीत मी अट्टल दरोडेखोर बोलते केले आहेत. हा बोलला नाही. मी उठलो तेव्हा त्याने एकच विचारलं.

“साहेब, भायेर कोनी उना का?”

बाहेर कोणी आलेलं नव्हतं. मी म्हटलं, “येतील.” पोलिसाला असं काहीतरी म्हणून उठावं लागतं.

पुढे कळलं ते वाचकांना आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे गुंता होणार नाही. त्याच्या पाड्यावरची यच्चयावत कर्ती माणसं, बाया-पुरुष, एकाच जिनिंगवर हंगामाला आली होती. कारखान्याच्या मॅनेजरने त्यांना सांगितलं होतं की अपघात बाहेर गेला तर सरकारी निरीक्षक येईल, कारखान्याला टाळं लागेल आणि तुम्ही सगळे भर हंगामात डोंगरात परत जाल. तेव्हा याने स्वतःच, हात फडक्यात गुंडाळलेला असताना, पाड्याला शब्द दिला की मी गावचं नाव सांगेन, जिनचं नाही. आणि पाड्याने ठरवलं की कोणी दवाखान्याकडे जायचं नाही. गेलं की पोलीस विचारणार. शब्द त्याने पाळला होता. पाड्यानेही पाळला होता. म्हणून त्या खाटेजवळचं स्टूल रिकामं होतं.

एमएच एकोणीसच्या पिकअपा आमच्या हद्दीत डासांइतक्या. पण जखमेतली रुई सांगत होती की जिनिंगच्याच बघायच्या. तिसऱ्या कारखान्याच्या आवारात ती सापडली. हिवाळ्यातल्या त्या धुळीत गाडीचं तोंड, काचा, टायर सगळं मातीने माखलेलं आणि मागचा हौदा तेवढा आरशासारखा धुतलेला. गाडी धुणारा माणूस तोंडापासून सुरुवात करतो. जो फक्त मागचं धुतो, त्याला काहीतरी घालवायचं असतं.

मॅनेजर हात जोडत बाहेर आला. “यावं साहेब! चहा मागवू का कॉफी? आज आमच्याकडे पाय कसे वळले?”

“कोणाला लागलं-बिगलं का इथे?”

“छे छे! आमच्याकडे मुंगीच्या पायाला खरचटत नाही. देवाची कृपा.”

“चला, ती कृपा बघू.”

आत जिनांची रांग सुरू होती. हा आवाज ज्याने ऐकला नाही त्याला सांगून कळणार नाही. तिथे माझासुद्धा आवाज मला ऐकू आला नाही, यावरून समजा. कापूस वरून पडतो, रोलर रुई ओढून घेतो, सरकी खाली गळते. प्रत्येक यंत्रापुढे एक माणूस किंवा बाई, डोक्यापासून फडकं गुंडाळलेलं, पापण्या पांढऱ्या. मी शिरलो आणि सगळ्यांनी एकाच वेळी माझ्याकडे न बघायचं ठरवलं. न बघणं ही पण एक साक्षच असते, पण तिचा जबाब घेता येत नाही.

बरोबर आलेल्या हवालदाराने माझ्या कानाला तोंड लावलं. “साहेब, तो बघा नवरदेव.”

रांगेतल्या प्रत्येक यंत्रावर दसऱ्याच्या पूजेचा हार होता, पण वाळून काळा पडलेला आणि रुईने मढलेला. एकाच यंत्रावर झेंडूचा ताजा हार होता. कपाळी ओला शेंदूर, खाली पत्रावळीवर दही-भात, लिंबू आणि फोडलेला नारळ. ते यंत्र सुरू होतं आणि त्याच्यापुढे कोणीही उभं नव्हतं. नुसतंच फिरत होतं.

दसरा कधीच होऊन गेला होता, संक्रांत लांब होती.

मी मॅनेजरला बाहेर ओढून विचारलं, “त्याचा वाढदिवस आहे का आज?”

“नवा पट्टा टाकला साहेब. मजूर लोकं भाविक. म्हणाले, नारळ फोडू.”

हवालदार आत जाऊन आला. “पट्टा माझ्या वयाचा शे साहेब. नवी फक्त समोरची जाळी आहे. अजून तिचा रंग हाताला लागतो.”

हात रोलरपर्यंत जाऊ नये म्हणून यंत्राला जाळी असावी लागते. काम झपाट्याने उरकावं म्हणून ती काढून ठेवतात. इथे सगळ्यांच्या काढलेल्या होत्या, एकाची तेवढी बसवलेली. मी मॅनेजरला म्हटलं, “चला, तुम्ही त्या यंत्रापुढे पाच मिनिटं उभे राहा. कापूस सरकवून दाखवा मला.”

तो दोन पावलं मागे सरकला. “आज त्याच्यापुढे कोणी उभं राहत नाही साहेब.”

“का?”

कारण मला पुढे कळलं. रक्त चाखलेलं यंत्र शांत केल्याशिवाय त्या रांगेत कोणी उभं राहिलं नसतं. दोन-चार दिवस त्याला माणूस द्यायचा नाही, असं पाड्याचं म्हणणं. काम बंद पडू नये म्हणून मॅनेजरनेच शेंदराला पैसे दिले होते. अपघात गावभर लपवला, पण यंत्रापासून लपवायची त्याची छाती झाली नाही.

आता मुकादमाबद्दल. मजुरांची टोळी घेऊन आलेला तो त्याच पाड्यावरचा, जखमीचा चुलतभाऊ, चाळिशी ओलांडलेला. मी त्याला आवारात बाजेवर बसवून तासभर विचारलं. तो ‘माहीत नाही’ इतकंच म्हणत होता. चौकशीत माणसाच्या तोंडाकडे नवखे बघतात. तोंड त्याने घरून शिकवून आणलेलं असतं. मी डोळे बघतो. याचे डोळे दर थोड्या वेळाने माझ्या खांद्यावरून मागे जायचे आणि घाईने परत यायचे. मागे कुंपणाजवळ एक कडुनिंब होता. बाकी काही नाही.

मी हवालदाराला नुसती मान हलवली. तो लघवीला गेल्यासारखा गेला आणि निंबाखाली उकिडवा बसला. मग त्याने टोपी काढली.

मुळाशी माती नुकती सारखी केलेली होती. वर हळद-कुंकू आणि नारळाची एक वाटी.

मुकादम मातीकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं आणि ते पुसायला त्याने हात उचलला नाही. रोलरमधून जे निघालं होतं ते मॅनेजरने कचऱ्यात टाकायला सांगितलं होतं. चुलतभावाचा हात तो कचऱ्यात टाकू शकला नाही. त्याने फडक्यात बांधून, माणसाला पुरतात तसं, विधी करून पुरला.

पंच बोलावले, पंचनामा केला, फडकं सील करून प्रयोगशाळेला पाठवलं, जाळीमागचे डाग घेतले. गुन्हा नोंदला, कारखान्याच्या निरीक्षकाला कळवलं. पुढे अहवाल आला तो जुळला. जखमीने शेवटपर्यंत जबाब बदलला नाही. कागदोपत्री बघाल तर आजही त्याचा हात कडबाकुट्टीतच गेलेला आहे आणि जिनिंगमध्ये सापडलेला आहे.

धुळ्याला जाऊन मी त्याला सांगितलं, “झालं. सापडलं सगळं. आता भरपाईचा दावा उभा राहतो.”

त्याचा चेहरा पडला. “मी बोलनू नही, साहेब.”

“नाहीच बोललास.”

“त्यासले कोन सांगी?” त्यांना कोण सांगणार?

मी तेव्हा ते फारसं मनावर घेतलं नाही. पण घडलं तसंच. निरीक्षकाने सगळ्या यंत्रांना जाळ्या बसेपर्यंत कारखाना बंद ठेवला. तोवर हंगाम सरत आला होता. पाडा बोचकी बांधून परत गेला आणि जाताना धुळ्यावरूनच गेला, पण दवाखान्याशी कोणी उतरलं नाही. त्यांच्या दृष्टीने सरळ हिशेब होता. पोलीस दवाखान्यात गेले, मग कारखान्यात आले. मधे कोण बोललं असेल?

तो गावाला गेलाच नाही. धुळ्यात एका खानावळीत पाण्याचे पेले भरायचं काम एका हाताने करू लागला. दाव्याच्या तारखांना मी साक्षीसाठी जात असे. साक्ष नसली तरी जात असे. बायको जाऊन तेव्हा थोडेच दिवस झाले होते. मुलगी पुण्याला. क्वार्टरमध्ये रेडिओ लावून ठेवायचो, म्हणजे कुलूप काढताना आत कोणी बोलत असावं. कोर्टाच्या बाहेरच्या बाकावर आम्ही दोघं चहा प्यायचो. मी थापा मारायचो, तो ऐकायचा. मी त्याला सांगितलं की तापीच्या पुरात मी म्हशीवर बसून आरोपीचा पाठलाग केला. त्याने विचारलं, “म्हैस कोनी?” म्हटलं, आरोपीचीच. तो एवढा हसला की शिपाई ओरडला. दर तारखेला तो फाटकाकडे बघत बसायचा. त्याच्याकडून कोणीच आलं नाही.

शेवटी हुकूम झाला. कारखान्याच्या वकिलाने हंगामी आहे, मुकादमाचा आहे, असं बरंच म्हटलं, पण भरपाई द्यावी लागली. मी त्याची पाठ थोपटली. म्हटलं, “आता काय करणार? दुकान टाक.”

तो म्हणाला, “साहेब, तुम्ही मन्हा पाड्यावर चला. एकदाव सांगी द्या, मी बोलनू नही म्हनीसन.”

दुसरं त्याला काहीच नको होतं.

मी रजा टाकली. वर्दी घातली नाही, सरकारी जीप घेतली नाही. पोलिसांच्या जीपमधून उतरला असता तर सांगण्यासारखं काही उरलं नसतं. धुळ्याहून एसटीने साक्री, तिथून काळी-पिवळीत माणसांच्या मांडीवर बसून पाड्यापर्यंत. आठवड्याच्या बाजाराचा दिवस नव्हता, म्हणून माणसं घरी होती. मारुतीच्या ओट्यावर जमली. जखमी ओट्याखाली, पायरीशी उभा राहिला. त्याला बस असं कोणी म्हटलं नाही.

पाड्यातले म्हातारे आबा मध्यभागी बसले होते. मी सांगितलं, “हा पोरगा माझ्यापुढे एक शब्द बोलला नाही. मी सांगायला आलोय.”

आबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “मंग बोलना कोन?”

प्रश्न रास्त होता. ओट्याच्या मागच्या खांबाला टेकून मुकादम उभा होता. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. खरं सांगितलं असतं तर दोन वाक्यांत संपलं असतं. नारळ कोणी फोडला, निंबाखाली कोणी पुरलं. मग हा पायरीवरून वर गेला असता आणि मुकादम खाली आला असता. भावाचा हात कचऱ्यात टाकला नाही, एवढ्यासाठी.

मी मांडी ठोकली.

“आबा, माझं नाक बघा,” मी म्हटलं. “हे नाक सरकारी आहे. खात्याने तपासून घेतलंय. एरंडोलला बसून मी पारोळ्याच्या दारूच्या भट्टीत गूळ जास्त पडला की नवसागर, हे सांगतो. याच्या वॉर्डात पाऊल टाकलं आणि मला वास आला. कडबाकुट्टीला घालतात ते तेल वेगळं, जिनच्या रोलरचं वेगळं. धुळ्याहून तो वास धरून निघालो, नाक खिडकीबाहेर. मधे पारोळ्याला कोणीतरी शेवभाजीला फोडणी दिली, तिथे अर्धा तास वास हरवला. पुन्हा धरला. थेट त्या यंत्रापुढे जाऊन उभा राहिलो. ड्रायव्हरला विचारा. जीपला स्टिअरिंग लागलंच नाही.”

एक बाई पदराआड फिसकन हसली.

“आणि हा? याला मी दम दिला तेव्हा वॉर्डातला पंखा गळून पडला. लंगडे पळाले, मुके ओरडले. हा म्हणाला, कडबाकुट्टी. जिलेबी दिली, खाल्ली, आणि तोंड पुसून म्हणाला, कडबाकुट्टी. अहो, एक बकरी आणि कडबाकुट्टी! मी म्हटलं, तुला जावई करून घेतो, खरं बोल. तर म्हणाला, हुंड्यात कडबाकुट्टी द्या.”

आता ओटा हसत होता. पोरं खाली लोळत होती. आबांच्या बोळक्या तोंडातून हवा येत होती.

“नाकनी तपास करा म्हनतस?” आबा डोळे पुसत म्हणाले. “लय नाकना शे तू साहेब.”

त्यांनी विश्वास ठेवला की नाही, मला आजही सांगता येणार नाही. साठ-सत्तर पावसाळे काढलेल्या माणसाला थाप कळते. पण थापेत एक सोय असते. ती मान्य केली की कुणाला दोष द्यावा लागत नाही. आबांनी बाजूच्याला कोपर मारलं.

“सरक रे. त्याले बसू दे.”

तो वर आला आणि बसला. आबांनी कनवटीची चंची काढली, तंबाखू घेतली, चुना लावला आणि अंगठ्याने मळत राहिले. नेहमीपेक्षा जास्त वेळ मळली असावी. तंबाखू मळायला दोन हात लागतात. मग त्यांनी एक चिमूट स्वतःच्या ओठात धरली आणि उरलेली त्याच्या डाव्या तळहातावर ठेवली. मघाशी हसलेल्या बाईने पाण्याचा तांब्या आणला.

मला काळी-पिवळीपर्यंत पोचवायला मुकादम आला. माझी पिशवी त्याने घेतली. गाडी आली, त्याने पिशवी माझ्या मांडीवर दिली आणि म्हणाला, “साहेब, तुम्हना नाकले रामराम.”

मुकादम आता या जगात नाही. म्हणून आज लिहितोय.

या केसने काय शिकवलं, असं लोक विचारतात. तपासाचं म्हणाल तर, देवाला काय दिलंय ते आधी बघावं. माणूस पोलिसापासून लपवतो, देवापासून सहसा नाही. बाकीचं म्हणाल तर, मी आयुष्यभर खरं शोधून कोर्टापुढे ठेवलं आणि तिथे ते ठेवायलाच हवं. त्याशिवाय त्या पोराला भरपाईचा दमडा मिळाला नसता. पण कोर्टाने दिली ती हाताची भरपाई. ओट्यावरची जागा देणं कोर्टाच्या अधिकारात नव्हतं. ती आबांच्या अधिकारात होती, आणि आबांना द्यायची इच्छा होती. त्यांना फक्त एक निमित्त हवं होतं.

साक्रीहून परतताना एसटीत गर्दी होती. शेजारचा माणूस झोपून माझ्या खांद्यावर पडला, मी त्याला उठवला नाही. क्वार्टरवर आलो, कुलूप काढलं. रेडिओ सकाळी बंद करून गेलो होतो. दिवा लावून खुर्चीवर बसलो. सबंध नोकरीतली माझी सगळ्यात उत्तम थाप मी त्या दिवशी मारली होती, पंख्यापासून नाकापर्यंत एक धागा सुटला नव्हता, आणि घरात ती सांगायला कोणी नव्हतं.